उकळल्यावरही जांभळा

भास्करदादा, तुम्हाला माती देऊन आज सहा दिवस झाले. सहाही दिवस मी कामावर आले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सुलोचनाबाई, दोन दिवस घरी बसा, तोंड बघा केवढंसं झालंय." मी म्हटलं, घरी बसून काय करू, कौलं मोजू? आले तशीच. काचेच्या नळ्या धुतल्या, स्पिरिटचा दिवा पेटवला, फळीवरच्या बाटल्या पुसल्या. माणूस गेला म्हणून दवाखान्यात तपासायला यायच्या बाटल्या काही थांबत नाहीत. आज मात्र लोखंडपाण्याची बाटली उचलली आणि तशीच खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. फार थकले आहे मी, दादा. तुम्ही गेलात म्हणून थकले, असं सगळ्यांना वाटतं. तसं मी वाटू दिलंय.

लोखंडपाणी हे नाव तुमचं. पुस्तकात त्याला फेरिक क्लोराइड म्हणतात. मी ट्रेनिंगहून पुस्तकातली नावं पाठ करून आले होते आणि तुम्ही बाटल्या धुण्यापासून वर चढत कंपाउंडर झालेले. आपल्या नगरच्या मिशन दवाखान्याची ती दोन खणांची प्रयोगशाळा म्हणजे तुमचंच राज्य. पहिल्याच दिवशी तुम्ही टेबलावर तीन कागद मांडलेत, तिन्हींवर पांढरी भुकटी. म्हणालात, "एक सांधेदुखीचं सोडा सॅलिसिलेट, एक ॲस्पिरिन, एक खडू. कोन कोन हाय सांग." तुम्ही तिन्ही भुकट्या वेगवेगळ्या नळ्यांत पाण्यात घातल्यात आणि एकेक थेंब लोखंडपाणी सोडलंत.

"बोल सुलूबाई, काय दिसतंय?"

"पहिल्या नळीत जांभळा."

"कसा जांभळा? पिकल्या जांभळागत का वांग्यागत?"

"जांभळासारखा. गडद."

"मग त्यो सॅलिसिलेट. आता ॲस्पिरिन कंचं न् खडू कंचा?"

मी म्हटलं, दोन्हीत जांभळा नाही, कसं सांगू? तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात. "ॲस्पिरिन बी त्याचाच भाऊ हाय. पन त्यानं अंगावर पांघरून घेतलंय. पांघरून काढल्याबिगर त्यो त्वांड दावायचा न्हाई." मग त्याची नवी चिमूट कॉस्टिक सोड्यात उकळलीत, गार केलीत, वर पातळ गंधकाम्ल सोडलंत. बघता बघता नळीत पांढरे स्फटिक खाली बसले. नळी माझ्या नाकाशी धरून म्हणालात, "शिरक्याचा वास आला का? त्ये पांघरून गेलं बघ. खाली बसलंय त्यो सॅलिसिलिक." ते स्फटिक गाळून धुतले, थेंब टाकला, आणि जांभळा आला. इतकं सरळ कुणी शिकवलं नव्हतं मला. ट्रेनिंगमध्ये याच गोष्टीवर दोन पानं उतरवून घेतली होती आणि एक अक्षर कळलं नव्हतं.

त्या दिवसापासून बारा वर्षं रोज तेच. नळी तुमच्या हातात, प्रश्न तुमचा, उत्तर माझं. बोल, काय दिसतंय? मी कधी वैतागून म्हणायची, अहो तुम्हाला काय दिसतंय ते सांगा की, मी काय पहिलीतली पोर आहे का? तुम्ही म्हणायचात, "तुझं नावच सुलोचना. डोळं तुझं, नाक माझं. कामाची वाटनी झाली." मला वाटायचं, काय शिकवायची हातोटी आहे या माणसाची, स्वतः सांगत नाही, आपल्याकडून वदवून घेतो.

आणि ते नाक! त्याच्यावरून आपण किती भांडलो असू. पुस्तक सांगतं, जांभळा आला की सॅलिसिलेट. तुम्ही म्हणायचात, रंगावर जाऊ नको. "लोखंडपान्यानं कार्बोलिक बी जांभळं व्हतं. रंग कुनाचाबी येतो. वास एकाचाच." मी म्हणायची, मग वर शिरक्याचं आम्ल टाका, कार्बोलिकचा रंग जाईल, सॅलिसिलेटचा राहील, झालं काम. तुम्ही मान हलवायचात आणि भुकटीत लाकडाचं स्पिरिट, म्हणजे पुस्तकातलं मिथेनॉल, आणि तीव्र गंधकाम्लाचे थेंब घालून नळी गरम करायला घ्यायचात. थोड्या वेळात सगळ्या खोलीत गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास. "ह्यो बघ. आता शंभर वकील आनले तरी ह्यो सॅलिसिलेटच." मी खिडक्या उघडत ओरडायची, वॉर्डातल्या म्हाताऱ्या मलम मागायला येतील आता! खरंच एकदा दोघी आल्या होत्या, आठवतं?

युद्धात तर तुमच्या नाकाला उसंतच नव्हती. बाहेरून येणारा माल अडकला आणि बाजारात काय वाटेल ते विकायला लागलं. पावसाळ्यात ॲस्पिरिनचा नवा डबा आला की तुम्ही आधी झाकण काढून हुंगायचात, "आंबलंय" म्हणायचात आणि बाजूला सारायचात. मी तपासून बघायची, तर खरंच गोळ्यांनी ओल धरून पांघरूण टाकलेलं असायचं. एकदाही चुकला नाहीत. तुमच्या बुचांनाही मी नावं ठेवली. प्रत्येक बाटलीच्या बुचावर तुम्ही चाकूने खाचा केलेल्या, कुठे एक, कुठे तीन. मी म्हणायची, उंदरांनी कुरतडल्यासारखी बुचं आहेत आपली, पाहुणे डॉक्टर आले की लाज वाटते. तुम्ही म्हणायचात, असू दे गं.

आता त्या दिवसाचं बोलते. बोलायलाच बसले आहे.

केडगावला माझ्या थोरल्या बहिणीचं बाळंतपण होतं. मी तीन दिवसांची रजा टाकली. तुम्हाला तेव्हा सडकून सर्दी, नाक चोंदलेलं, आवाज बसलेला. निघताना मी म्हटलंसुद्धा, सांभाळाल ना? म्हणालात, "जा तू. काय व्हतंय?" तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पुणतांब्याहून सखूबाईंना आणलं. पन्नाशीची बाई, शुद्ध नाही, श्वास खोल आणि जोरजोरात चाललेला. बरोबर भाऊ, बाबाजी. तो म्हणाला, गुडघे धरले होते म्हणून ती बाजारातल्या सॅलिसिलेटच्या पुड्या मूठमूठ खात होती. डॉक्टरसाहेबांपुढे दोनच वाटा होत्या. एक, पुड्यांचं विष अंगात भिनलं. नाहीतर मधुमेह विकोपाला गेला. दोन्हीत श्वास असाच चालतो. दोन्हीत लघवीला लोखंडपाण्याने रंग येतो. साखरेची चाचणी करावी तर पोटात सॅलिसिलेट असलं की तीही फसवते. इन्सुलिनच्या बाटल्या दवाखान्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मधुमेह नसताना टोचलं तर बाई जागीच जायची.

तेव्हा सगळं त्या एका चाचणीवर आलं. लघवी कच्ची तपासायची आणि मग उकळून तपासायची. मधुमेहाचा रंग उकळल्यावर जातो. सॅलिसिलेटचा जात नाही. तुम्हीच मला शिकवलेलं.

तुम्ही रजिस्टरमध्ये लिहिलंत: कच्ची, जांभळा. उकळल्यावरही जांभळा. सॅलिसिलेट. खाली सही. साहेबांनी इन्सुलिन बाजूला ठेवलं आणि पुड्यांवर उतारा म्हणून सोड्याचं पाणी सुरू केलं.

मी दुपारी टांग्यातून उतरले ती वॉर्डातूनच आत आले. सखूबाईंच्या खाटेजवळून जाताना त्यांच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा गोड वास आला. तो मधुमेहाचा वास. उरलेली लघवी घेऊन मी चाचणी पुन्हा केली. कच्च्यात रंग आला, पण तो जांभळा नव्हता. प्रभुभोजनाच्या पेल्यातल्या द्राक्षरसासारखा लाल होता. उकळून पाहिली तर रंगच नाही, नुसता लोखंडपाण्याचा पिवळट तपकिरी. बाबाजीला म्हटलं, एखादी पुडी आहे का? त्याच्या मुंडाशातच होती. सकाळपासून कुणी मागितलीच नव्हती. थेंब टाकला, जांभळ्याचं नाव नाही. आम्ल टाकलं तर फसफसून वर आली. खडू! निव्वळ खडू! ती बाई महिनाभर खडू खात होती.

साहेबांनी इन्सुलिन टोचलं. संध्याकाळी सखूबाईंनी डोळे उघडले. पण मला तोवर कुठे धीर? माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या नगरला ठाऊक आहे. साहेब उभे, नर्सा उभ्या, वॉर्डातल्या बायका टकामका बघतायत, आणि मी तुम्हाला म्हटलं, "नाक चोंदलं होतं ते समजू शकते. पण डोळे पण फुटले होते का तुमचे?"

तुमच्या हातात रिकामी नळी होती. तुम्ही ती जाळीत ठेवलीत. म्हणालात, "व्हय बाई. तसंच म्हन."

मला तो टोमणा वाटला. चूक ती चूक, वर मिजास! त्याच तिरमिरीत मी रजिस्टर उघडलं. तुमचा नियम होता, रजिस्टरात खोडायचं नाही. "खोडलं का इस्वास गेला. खाली लिवायचं, सही करायची." मी खाली लिहिलं: चूक. तपासनिसाने नीट पाहिले नाही. लाल शाईने लिहिलं. तुम्हाला झोंबावं म्हणून मुद्दाम लाल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही साहेबांकडे गेलात आणि म्हणालात, रंगाचं काम सुलूबाईला द्या, मी औषधाच्या खिडकीवर बसतो. प्रयोगशाळा माझ्या नावावर झाली. नर्सा पाठीमागे म्हणायच्या, कानामागून आली आणि तिखट झाली. मला ते लागायचं, पण मी म्हणायची, रुसलेत ते, रुसू देत. चूक कबूल करायला काय जातं? एकदा नुसतं 'सुलू, चुकलं माझं' म्हणाले असते तर मीही म्हणाले असते, दादा, मी पण फार बोलले. पाच वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघितली. मध्ये एक भिंत आणि भिंतीला हातभर खिडकी. त्या खिडकीतून आपण बोललो ते बुचांबद्दल, उन्हाबद्दल, साखरेच्या रेशनबद्दल. नाताळात करंज्यांचं ताट घेऊन मी तुमच्या दारात आले, तोंडापर्यंत आलेलं गिळून करंज्या तेवढ्या देऊन आले. दोनदा. असं रोज थोडं थोडं न बोलण्याने माणूस किती दमतो, ते मला आता कळतंय.

स्वातंत्र्याच्या दिवशीची सकाळ आठवते? फाटकावर कागदी झेंड्यांच्या माळा लावायचं काम तुमच्याकडे आलं. तुम्ही खिडकीशी येऊन अगदी हळू विचारलंत, "सुलूबाई, वरचा पट्टा कंचा गं?" मी फणकाऱ्याने म्हटलं, "अख्ख्या नगरला माहीत आहे, तुम्हालाच नाही? वर केशरी, खाली हिरवा!" तुम्ही हातातल्या माळेकडे बघितलंत आणि गेलात. फाटकावर निम्मे झेंडे उलटे लागले. साहेब हसले, सगळे हसले, तुम्हीही हसलात. मी सगळ्यांत मोठ्याने हसले, दादा.

तुमच्या मातीला बाबाजी आला होता. दरवर्षी यायचा तसाच, पेरूंची पाटी घेऊन. ती पाटी कुणाला द्यावी हे त्याला कळेना, म्हणून दफनभूमीच्या भिंतीशी तशीच धरून उभा होता. मला ओळखून जवळ आला.

"बाई, तुमीच न्हवं त्या चाचनीवाल्या बाई? आमची सखू हाय अजून. सुई घेती, काम करती. दादांचं लई उपकार."

मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार?

"एवढा मोटा मानूस, पन त्या दिशी मला जवळ घेतलं बगा. नळी उजेडात धरली न् मला इचारलं, बाबाजी, कंचा रंग दिसतुया? आता मला अडान्याला काय कळतंय? तांबूस, जांभळ्यागत हुता. म्हनलं, जांभळा. तशी त्यांनी लगीच लिवून घेतलं. मला वाटलं, जांभळा म्हंजी बरं हाय. मग उकळून आनलं न् पुन्यांदा इचारलं."

"मग?"

"रंग कुटं हुता? कोऱ्या च्यावानी दिसत हुतं. पन म्या म्हनलं, जांभळाच हाय, दादा. म्हनलं, भनीचं बरं तरी व्हईल." मग माझ्या तोंडाकडे बघून तो घाबरला. "का वं बाई? काय चुकलं का माजं?"

"नाही बाबाजी," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलं नाही."

तिथे गीत चाललं होतं. सगळे गात होते. वीस वर्षं नळ्या हाताळणारा माणूस पुणतांब्याच्या शेतकऱ्याला रंग विचारतो. का विचारतो? माझ्या डोळ्यांपुढून बारा वर्षं सरकली. बोल सुलूबाई, काय दिसतंय? डोळं तुझं, नाक माझं. बुचांवरच्या खाचा. निम्मे उलटे झेंडे.

राहेलवहिनींना मी तुमच्या घरी जाऊन विचारलं. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुला आता कळलं? अगं, मिरच्या निवडायला बसवलं तर लाल-हिरव्या एका सुपात घालून उठायचे. लग्नात माझं लुगडं कोणत्या रंगाचं होतं, तेही त्यांना कधी सांगता आलं नाही. आंधळे नव्हते गं. पण रंग तेवढे देवाने दिले नव्हते."

"मग मला का नाही सांगितलं? निदान त्या दिवसानंतर?"

वहिनी म्हणाल्या, "मी सांगत होते, सांगा तिला. तर म्हणायचे, बाई मरता मरता वाचली, चूक ती चूकच. आता डोळ्यांचं सांगितलं तर ती रडंल, माफी मागंल, न् माझी चूक तशीच झाकून जाईल. त्यापेक्षा बोलली ते बरं." मग लाकूड पुढे सारत म्हणाल्या, "आणि आधी सांगितलं असतं तर कामावर ठेवलं असतं का कुणी?"

दादा, मला तुमच्याशी भांडायचंय. फार भांडायचंय. हे सांगायला हवं होतं तुम्ही. रंगाच्या कामावर रंग न दिसणारा माणूस, हा काय पोरखेळ आहे? एखादी सखूबाई खरंच गेली असती तर? बारा वर्षं माझ्या डोळ्यांनी काम केलंत आणि मला कळूही दिलं नाहीत. मी म्हटलं असतं, बरं, आजपासून रंग मी सांगणार आणि लिहिणारही मीच, आणि कुणाला काही कळलंही नसतं. एवढाही भरवसा नव्हता का माझा? आणि बघा, हे म्हणते तोच मला उत्तर ठाऊक असतं. भरवसा होता म्हणूनच तर रोज विचारत होतात. शंका मलाच यायला हवी होती. माणूस रोज तोच प्रश्न का विचारतो, एवढं डोळे असलेल्या बाईला कळू नये? नाव काय तर म्हणे सुलोचना!

तुमच्यामुळे मी पोटाला लागले. तुमच्यामुळे मला पुस्तकातलं अक्षर कळलं. सखूबाईंच्या खाटेजवळून जाताना मला तो वास आला, तोही तुम्हीच माझं नाक तयार केलं होतंत म्हणून आला. त्या दिवशी त्या बाईला तुमच्या नाकाने वाचवलं, फक्त ते माझ्या तोंडावर होतं. हे तुम्ही जिवंत असताना सांगायचं होतं. खिडकी हातभर तर होती.

आज दुपारी कपाटातून ते जुनं रजिस्टर काढलं. पान लगेच सापडलं. तुमचं तिरकं अक्षर, खाली माझी लाल ओळ. शाई अजून तशीच लाल आहे. तुम्हाला झोंबावी म्हणून लाल घेतली होती, आणि तुम्हाला ती लाल दिसलीसुद्धा नसेल. शब्द मात्र दिसले असतील. या टेबलाशी येऊन तुम्ही ते कितीदा वाचले, देव जाणे.

हात शिवशिवला होता खोडायला. पण खोडायचं नाही. खाली लिहायचं, सही करायची. साध्या काळ्या शाईने लिहिलं, तुम्हालाही वाचता येईल अशा:

तपासनिसाने रंग विचारला होता. सांगणारी रजेवर होती.

सही केली. मग लोखंडपाण्याची बाटली उचलली, बुचावरच्या खाचा अंगठ्याने चाचपल्या. तीन आहेत. कामाला लागले.